एकाच तारेवर दोन घरं

त्या हिवाळ्यात समुद्र गोठला, फेरी बंद पडली
आणि हीऊमा बेटावर माझ्यापाशी एवढंच उरलं:
मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी
आणि एक मोडेम.

पहिला मोडेम पेटीच्या आतला.
दिसायला अख्खा, पण अर्धी अक्कल
विंडोजकडे गहाण ठेवलेला.
लिनक्सने विचारलं, कोण रे तू?
तो गप्प.
दोन आठवडे त्याची समजूत काढली,
मग उपटून खिळ्यांच्या डब्यात टाकला.

दुसरा बाहेरचा, जाडजूड, पाच लाल दिव्यांचा,
कैनाच्या बँकेने मोडीत काढलेला.
बदल्यात दिली धुरी दिलेल्या चपट्या माशांची
एक बादली.

आधी म्हणाला, परवानगी नाही.
माझं घर, माझा मोडेम,
आणि परवानगी मागायची तीही माझ्याचकडे,
रूट नावाच्या माझ्याकडे.
दिली.
मग टाइप केलं: एटी.
आलं: ओके.
दोनच अक्षरं. मी स्वयंपाकघरात जाऊन
उभ्याउभ्या एक थंड बटाटा खाल्ला, मिठाशिवाय.

त्यानंतर आठवडाभर एकच उत्तर:
डायलटोन नाही.
मी इंटरप्ट बदलले, वेग उतरवला,
सॉकेट उघडून स्क्रू पिळले.
एखाद्या रात्री टोन सापडे,
मोडेम सुरात नंबर म्हणे
आणि पलीकडे तोच टोन,
गाय हंबरावी तसा, न थांबता.

शनिवारी दार वाजलं.
भिंतीपलीकडची मिल्वी. लोकरी मोजे, हातात विजेरी.
"तार्मो, माझा फोन रोज रात्री मरतो."

तेव्हा आठवलं. सोव्हिएत काळात
एका तारेवर दोन घरं जोडून दिलेली.
एकाने उचलला की दुसऱ्याचा मुका.
माझा टोन जायचा, कारण मिल्वी बहिणीशी बोलत असायची.
तिचा जायचा माझ्यामुळे.
आठवडाभर, भिंतीच्या दोन बाजूंनी,
आम्ही एकमेकांचा गळा धरून बसलो होतो.

ती बसली. चहा नको म्हणाली. मी नंबर लावला.
सात सूर ऐकून मिल्वी हसली.
एकतीस वर्षं काढली होती तिने एक्स्चेंजमध्ये,
कानाला हेडफोन, दोन्ही हातांत दोऱ्या.
"हा गातो कशाला?
आपल्या एक्स्चेंजला गाणं कळत नाही रे.
त्याला फक्त मोजता येतं. ठोके दे."

मी टी खोडला, पी लिहिला.

टक टक टक टक.
टक टक टक टक टक टक.
शून्याला दहा.
मिल्वीचं बोट टेबलावर बरोबरीने चालत होतं,
एकही ठोका मागे नाही.
सातव्या आकड्यानंतर ते थांबलं.
"आता उचलेल."

उचललं.
शिट्टी, खरखर, पत्र्यावर ओतलेली वाळू.
मी आवाज कमी करायला गेलो, तिने हात धरला.
"दोघी एकमेकींची लाइन तपासतायत.
नव्या मुली. फार घाई."

पडद्यावर एक पत्ता उमटला:
ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे, आजच्या रात्रीपुरते माझे.
मी ताल्लिनला हाक दिली.
चौसष्ट बाइट गेले, चौसष्ट आले,
दोनशे चौदा मिलिसेकंद.
"वादळात आम्हाला ताल्लिन लावायला
अर्धा तास लागायचा," मिल्वी म्हणाली,
कौतुकाने नाही, नुसती नोंद म्हणून.

विचारलं, काय बघायचंय तुला?
सगळं जग आहे आता.
ती म्हणाली, काही नाही.
परत एकदा लाव.

म्हणून आम्ही तोडलं, आणि परत लावलं.

आता मोडेमवर एक चिठ्ठी आहे, तिच्या अक्षरात:
रविवार, सात ते आठ, मुलगी, तार्तूहून.
सातला पाच कमी असताना मी तोडतो.
दिवे एकेक विझतात, एक राहतो,
वीज आहे एवढंच सांगणारा.
मग भिंतीपलीकडे घंटा वाजते.
मिल्वी पहिली वाजू देते,
दुसरीही.