पाव इंच

उथळसरहून इनास मिस्किटा आले,
छत्रीच्या पिशवीतून गुंडाळी काढली.
"हलक्या हातानं, मुली. माझ्या आज्यापेक्षा म्हातारा कागद आहे."

मी तीन कोपऱ्यांवर वजनं ठेवली:
खिळ्यांचा डबा, कटर, चहाचा रिकामा ग्लास.
चौथ्यावर माझं डावं कोपर.

लाकडी ठशाचा छापा. रेघा बोटाला लागतात अजून.
मधोमध खाडीचं तोंड, दोन ताड
(काढणाऱ्यानं ताड पाहिला नसावा,
केरसुण्या उलट्या रोवल्यासारखे दिसतात)
आणि कडेकडेनं ती माणसं.

एकाला डोकंच नाही. छातीत डोळे, बेंबीपाशी तोंड.
एकाला एकच पाय, सुपाएवढा,
उताणा पडून त्यानं तो उन्हात धरलाय छत्रीसारखा.
एकीचे कान गुडघ्यांपर्यंत,
एक अंथरलेला, एक पांघरलेला.
कुत्र्याच्या तोंडाचे दोघं बाजारात काहीतरी तोलतायत,
काटा अगदी मधोमध.

"खाली काय लिहिलंय?"
मिस्किटा लहानपणी वेदीपाशी लॅटिन घोकलेले.
चष्मा कपाळावर, नाक कागदावर.
"हिंदुस्थान. पश्चिम किनारा. तिथले रहिवासी."
मग जरा थांबून,
"म्हणजे आपणच की गं."

तेवढ्यात चेंदणीच्या वेणूबाई नाखवा आल्या,
नवऱ्याचा फोटो न्यायला, हार घालायची पट्टी सोनेरी हवी म्हणत.
त्यांनी माणसांकडे पाहिलंच नाही.
बोट थेट पाण्यावर ठेवलं,
तिथं करवतीच्या नाकाचा एक राक्षस गलबताला भिडला होता.
"यो राकस नाय. यो करवतमासा.
माजे सासऱ्याचे जाल्यान आयलेला.
नाक दारावर टांगलेला व्हता, मी नवरी आयले तवा.
आता नाय मिलत."
आणि फोटो पदराखाली घेऊन गेल्या.

मासा खरा निघाला, तेव्हापासून माझं काम मंदावलं.
मी तो ठसा कोरणारा डोळ्यांपुढे आणत राहिले:
थंडीत बोटं फुंकणारा, समुद्र न पाहिलेला,
कुणा खलाशानं तिसऱ्या प्याल्यानंतर सांगितलेलं ऐकणारा.
तिथं बंदरावर माणसं चालतात, त्यांना डोकं दिसत नाही.
(पोत्याखाली कुणाचं दिसतं?
जांभळी नाक्याला सकाळी येऊन बघावं त्यानं.)
आणि आपल्याकडेही कुणीतरी
भिंतीवर गेरूनं काढलंच असेल त्या खलाशाला:
कातड्याचे पाय, तोंडभर जटा, डोळ्यांत मांजर.

कुत्र्याच्या तोंडाचं मात्र मला काही सुचलं नाही.
ते तोलत राहिले.

आता धंद्याची गोष्ट.
पट्टीच्या खाचेत चारी बाजूंनी पाव इंच जातो.
देव असो, लग्न असो, पाव इंच कुणी मोजत नाही.
सातवीच्या वर्गफोटोत मी शेवटून पहिली होते.
शाळेच्या भिंतीवर अजून आहे तो फोटो,
त्यात माझा एक कान नाही.

आणि इथं तर सगळे कडेलाच राहतात.
पाव इंच खाल्ला
तर सुपाएवढ्या पायाची बोटं जातात,
छातीतल्या चेहऱ्याचा एक डोळा,
तराजूचं एक पारडं.
राहतं काय, तर दोन केरसुण्या आणि पाणी.

"पाठीमागे मोठा पुठ्ठा देते," मी म्हटलं,
"कागद त्यावर मोकळा ठेवू. कड सगळी दिसेल.
चारशे जास्त पडतील."
मिस्किटांनी घासाघीस केली,
तीनशे वीसवर आले, वर एक चहा माझ्याकडून.

दुपारी शटर अर्धं ओढून मी काच बसवली.
काचेत आधी माझं तोंड आलं,
बरोबर त्या बिनडोक्याच्या खांद्यांवर,
जसं काही त्याचंच होतं आणि कुणी परत आणून दिलं.
फुंकर मारून पुसली. तरी तिथंच.

काल मिस्किटांचा फोन.
नातू विचारतो, यातलं आपलं घराणं कुठलं?
मी म्हटलं, तराजूवाले सांगा.
नाही म्हणे, त्याला कानवाली हवीय,
तिला उशी लागत नाही.