वरचे दोन

पाटी मीच लिहिली,
खोक्याचं झाकण फाडून:
कार्डाने शंभराच्या आत, दोन रुपये वर.
'वर' लिहिताना स्केचपेन संपला,
तो शब्द फिका आला.
लोकांना नेमका तोच दिसतो.

गोळीबार चौकात आमचं बटनांचं दुकान,
साडेचार फूट रुंद.
चेन, हुक, अस्तर, फॉल,
आणि भिंतभर डब्या,
प्रत्येकीच्या तोंडावर
आत असेल ते बटन टाचलेलं.
इथे बुढा बसायचा, माझा बाप.
सहा मागितली की सात मोजायचा.
"एक तुटतेच," म्हणायचा.
ते सातवं तो हिशेबात कुठे धरायचा,
मी कधी विचारलं नाही.

मशीन आलं तेव्हा तो नव्हता.
बँकेचा पोरगा आला, मे महिन्यात,
टायसुद्धा घामानं भिजलेला,
म्हणाला, काका, फक्त एक सही.
भाड्याचं नंतर कळलं.
वापरा नाहीतर पडू द्या, ते कापलं जाते.

अठरा रुपयांच्या बटनांत
मला सुटतात तीन.
त्यातले या डबड्याचे किती,
ते महिन्याच्या कागदावर असते,
मुंगीच्या अक्षरात.
असं वरून घेणं चूक आहे म्हणतात.
असेल.
समोरचा हेडाऊ झेरॉक्सवाला पाच घेतो
आणि पाटीही लावत नाही.

परवा भरदुपारी रेवताबाई नंदनवार आल्या.
स्वेटरची बटनं, तपकिरी, चार भोकांची, सहा.
एप्रिलात स्वेटर?
मी बोललो नाही.
पिशवीतून रुमाल, रुमालातून कार्ड.
"पोरानं पाठवलं पुण्याहून.
रोकड देत नाही आता तो.
हे घासलं का त्याला मेसेज जाते,
आई कुठं आहे, समजते म्हणे."
मग पाटी वाचली, ओठ हलवत.
मला वाटलं, झाला वाद सुरू.
"वीस कर," म्हणाल्या.

रेंज नव्हती.
मशीन घेऊन रस्त्यावर गेलो,
पानठेल्यापाशी हात उंच केला,
छताला बल्ब लावावा तसा.
त्या स्टुलावर बसून राहिल्या,
बुढ्याच्या स्टुलावर.
शेवटी वीतभर पावती निघाली,
बटनांच्या पुडीहून मोठी.

पायरी उतरतात न उतरतात तो
फोन वाजला.
"हो रे, बटनंच. नाही, ऊन नाही."
ऊन त्रेचाळीस होतं.
"अठराचे वीस काहून?
अरे, एक वर घेतलं ना.
एक तुटतेच."

पुडीत सहाच होती.
मीच मोजली होती, दोनदा.

तपकिरी डबी उघडीच होती.
एक उचललं, बाहेर आलो,
तर ई-रिक्षा वळून गेलेली,
मागे नुसता तिचा भोंगा.

ते बटन गल्ल्यात आहे,
सुट्ट्या पैशांच्या खणात.
काल एकाला मोड देताना
रुपया म्हणून हातात आलं.
परत टाकलं.
पाटी अजून आहे.
'वर' मात्र
नवीन पेनानं गिरवायचं राहूनच जाते.