डावा खुबा

खुबा मला ठाऊक आहे.
तार्तूच्या बाजारात, नदीकाठच्या त्या इमारतीत,
एकवीस वर्षं मी डुकराची मांडी धडापासून वेगळी करते.
सुरीनं जोर करायचा नाही, वाट विचारत जायचं,
मग एक ओला आवाज, आणि वाटीतून गोळा बाहेर येतो
सोललेल्या अंड्यासारखा.
त्यामुळे रान्नो, तो कोवळ्या दाढीचा फिजिओ,
प्लास्टिकचा सांधा हातात घेऊन
'हा बघा गोळा, ही वाटी' करू लागला तेव्हा
मी म्हटलं, पोरा, पुढचं बोल.

पुढचं असं, की गोळा ठीक आहे, वाटीही.
दुखतंय ते बाहेरच्या अंगाला,
जिथे स्नायूची दोरी हाडाला चिकटते.
पांढरी, चिवट.
ती तर मी रोज कापून
कुत्र्यांच्या डब्यात टाकते.

हत्तीच्या पायानं नाही आलं हे दुखणं,
मुंगीच्या पायानं आलं.
आधी मोजा चढवताना.
मग गाडीतून उतरताना.
मग पुलाच्या चढावर, चौथ्या किलोमीटरला,
मग तिसऱ्या.
बूट बदलले. निळे घेतले, महाग.
दुखणं नव्या बुटांतही माझ्याच मापाचं निघालं.

मी काही धावपटू नव्हे.
शर्यतीत एकदाच उतरले, शेवटून अकरावी आले.
पण हातांना येणारा चरबीचा वास
साबणानं जात नाही, धावल्यानं जातो.
कसा, ते रान्नोला विचारलं नाही.

डाव्या कुशीवर झोपणं बंद.
दोन गुडघ्यांमध्ये उशी, तोंड उजवीकडे.
सव्वीस वर्षं खिडकीकडे तोंड करून झोपले,
आता समोर हेल्दुर.
हा माणूस झोपेत ओठ हलवतो, मला माहीतच नव्हतं.
काहीतरी मोजतो. लाकडाच्या फळ्या असतील,
किंवा माझ्या बुटांचे पैसे.
एकदा रात्री तीनला त्यानं डोळे उघडले,
मी बघते आहे हे बघितलं.
'दुखतंय?'
'नाही.'
दुखत होतं. पण जागी त्यासाठी नव्हते.

गिऱ्हाईक नसलं की डाव्या पायावर उभी राहते,
उजवी कंबर खचू द्यायची नाही, चाळीस आकडे.
शेजारच्या ठेल्यावरून, लोणच्याच्या बरण्यांमागून,
लेहमे ओरडते, 'बगळा!'
रोज तेच. रोज हसते.
जानेवारीत दहालाच पाय लटपटायचा.

आता एप्रिल. एमायोगीवरचं बर्फ गेलं,
पाणी कुरणात शिरलं,
बुडलेल्या बाकाची फक्त पाठ दिसते.
एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल.
दहापैकी तीन दुखलं तर चालेल, पाच झालं की थांबा,
असं रान्नोनं कागदावर लिहून दिलंय.
दुखण्यालाही काटा असतो तर.
आयुष्यात कधी काट्यावर अंगठा ठेवला नाही,
इथे मात्र चार झालं तरी
तीन म्हणते.

माझ्या चालण्याच्या मिनिटांत
एक म्हातारा काठी आपटत मला मागे टाकतो,
टोपीला हात लावतो.
घड्याळ वाजतं. मी धावते, त्याला गाठते, पुढे जाते,
मिनिट संपतं, तो परत पुढे.
पुलापर्यंत आमचं हे असंच.
पुलाशी तो वाट बघत उभा.
'कुठला?'
'डावा.'
'माझा उजवा,' म्हणतो, आणि विजारीवरून थोपटतो,
'स्टीलचा.'
'म्हणजे दोघांत मिळून एक माणूस धड,'
मी म्हणते, दुकानातल्या आवाजात.
तो हसत नाही. विचार करतो, मान डोलावतो,
हिशोब पटल्यासारखी.
मग माझ्या मनगटाकडे काठी करतो,
'वाजतंय. जा, तुझं मिनिट आलं.'