सातवा रांजण

वडील गेले त्याला नऊ वर्षं होतील या पानगळीत.
कागदावर ते अजून आहेत.
पाण्याचं बिल इरोदी या नावानंच येतं
आणि आम्ही तिघं आळीपाळीनं, कुरकुरत, भरतो.

तेलावीला नोटरीकडे आज अखेर बसलो.
म्हणजे आम्ही दोघी. गोचा फोनमध्ये,
थेस्सालोनिकीहून, ट्रकच्या केबिनमधून,
मधूनच गोठायचा, तोंड उघडं ठेवून.
घर त्याला. "मी येणारच आहे परत."
चौदा वर्षं येणारच आहे.
खालचा द्राक्षमळा त्सिआलाला, ओढ्याकाठचा.
वरचा मला, दगडांचा.

मी काही बोलले नाही. मग पुष्कळ बोलले.
आईचा चांदीचा पट्टा निघाला,
औषधांचे पैसे निघाले,
शेवटच्या हिवाळ्यात रात्री कोण उठत होतं
तेही निघालं.
नोटरीबाईंनी उठून खिडकी उघडली.

मग मोजणीदाराची लाल रेघ
पडद्यावर सरळ चालत आली
आणि रांजणघरात शिरून
सातव्या रांजणाच्या तोंडावरून गेली.

आमचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले.
वर दिसतं ते तोंड, पोट सगळं खाली.
अर्धं तोंड तिचं, अर्धं माझं.
"हलवता येईल का?" बाईंनी विचारलं.
आम्ही दोघी एकदम हसलो,
चार वर्षांत पहिल्यांदा,
आणि लगेच आवरलं.

त्या रांजणात मी उतरत असे.
घरात सगळ्यांत बारीक मी, म्हणून सप्टेंबर आला
की काखेत दोर, हातात चेरीच्या सालीचा कुंचा,
आणि खाली, आंबूस अंधारात.
जुन्या वाइनची वाफ माणसाला गपकन झोपवते.
म्हणून नियम: आतल्यानं बोलत राहायचं.
पाढे, शिव्या, शेजारच्या कुत्र्यांची नावं, काहीही.
वर दोर धरून त्सिआला.
मी थांबले की ओरडायची, "आहेस ना?"
"आहे" म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.
मी तर होतेच भांड्यात.

एकदा मुद्दाम गप्प राहिले.
तिनं असा दोर ओढला
की माझ्या काखा सोलल्या, तिचे तळवे.
वडिलांनी मारलं मात्र तिलाच.
त्याची नोंद कुठल्या कागदावर नाही.

नोटरीबाईंनी शेवटी लिहिलं:
पात्र एक, अचल, सामाईक.
एवढ्या ओळीचे चाळीस लारी.
गोचानं दोनदा "ठीक आहे" म्हटलं,
तिसऱ्यांदा तो गोठला.

संध्याकाळी गावी आलो, वेगवेगळ्या गाड्यांनी.
झाकणावरची माती खरवडली,
शिळा सरकवली, तेवढ्यापुरत्या दोघी मिळून.
ती तिच्या हद्दीत गुडघ्यांवर, मी माझ्या.
त्रेपन्नाव्या वर्षी मी आत मावत नाही,
डोकं तेवढं जातं.
वास अजून तोच, थोडा शिळा.
काय बोलावं सुचेना, म्हणून पाढा घेतला.
सात एके सात. सात दुणे चौदा.
खालून कुणीतरी जाड आवाजात
माझ्यामागून म्हणत होतं.
सात त्रिक एकवीसवर थांबले.

पलीकडून, निव्वळ सवयीनं,
"आहेस ना?"

मी लगेच उत्तर दिलं नाही.