टाचणी

बसा, उर्शा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो,
माझ्या हातासारखा.
तुमच्याआधी एक मुलगा आला होता ल्युब्लियानाहून.
त्याच्या कागदावर माझं ओझं भरलं
सत्तेचाळीस.
किलोत की वर्षांत, ते त्याने सांगितलं नाही.

तुम्ही ओझं मोजत नाही म्हणता.
ते मी कसं पेलतो ते मोजता.
शून्य म्हणजे कधीच नाही, तीन म्हणजे नेहमी.
बरं. विचारा.

मोजण्याचं मला वावडं नाही.
एकतीस वर्षं होतो इद्रियाच्या खाणीत, हिंगुळाच्या लाल दगडात.
काही थरांत पारा नुसताच पाझरायचा,
भिंतीला घाम फुटावा तसा.
बाटली एवढीशी, पण उचलायला जा, खांदा निखळेल.
लोखंडाची गोळी तरंगते त्यावर, बुचासारखी.
नव्या पोरांना आम्ही आधी हेच दाखवायचो:
दिसतं त्यावर जाऊ नका.

प्रश्न चार. परिस्थितीवर मी विनोद करतो का?
आता हे ऐका.
रोज साडेनऊला ती पोस्टमनची वाट बघते.
आमचा पोस्टमन जाऊन अकरा वर्षं झाली.
मग मी मागच्या दाराने निघतो,
कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून
पुढच्या दाराची बेल दाबतो. टोपी घालतो.
पत्र देतो. विजेचं बिलच असतं बहुतेकदा.
ती विचारते, तुमच्या घरी सगळे बरे ना?
मी म्हणतो, बायको जरा आजारी असते.
ती म्हणते, जपा हो तिला.

हा विनोद धरायचा,
की वास्तव नाकारणं, तुमचा नववा?
दोन्हीकडे खूण करू म्हटलं
तर तुम्ही म्हणाल, एकच रकाना.

प्रार्थना: एक लिहा. रविवारी जातो,
शेवटच्या बाकावर झोप लागते.
ती झोप कुठे मांडता तुम्ही?
दारू: एक.
दोन. नेवेंकाने विचारलं तर एक.

स्वतःला दोष देता का.

मार्चमध्ये मी हात उगारला होता तिच्यावर.
उगारलाच फक्त. पारा चढला.
ती खाली बसली, डोकं झाकून घेतलं,
आणि पाच मिनिटांत विसरली.
तीनच्या पुढे आकडा आहे का तुमच्याकडे?

लिहू नका ते.
नाही, लिहा.

थांबा, तुमचं दुसरं पान कुठंय?

अरे देवा. त्स्वेत्का.
बघा, तिने ते लोडावर टाचलंय.
लेस अशीच विणतात आमच्याकडे. आधी नमुन्याचा कागद,
त्यावर टाचण्या, टाचण्यांभोवती दोरा.
तिला कुठले दिसतात प्रश्न?
चौकटीच चौकटी, ओळीने, सारख्या अंतरावर.
नमुनाच की.

तिचे हात बघा.
माझे थरथरतात, ती पाऱ्याची देणगी.
माझं नाव गेलं तिच्यातून, मुलीचं गेलं,
हात तेवढे जागच्या जागी.
उजवी फिरकी डावीवरून, पीळ, टाचणी.
‘कामात मन गुंतवतो’ यावर एक टाचणी.
‘आता प्रयत्न सोडून दिला आहे’ ही ओळ तिने ओलांडली,
तिथे जाळी सैल सोडायची असेल.

ओढू नका, दोरा तुटेल.

तुमची अडचण कळते मला.
माहिती अपूर्ण, असं लिहा.
शुक्रवारी या. ती झोपली की टाचण्या काढून ठेवतो,
भोकं मात्र राहतील.

आता जेवूनच जा. झ्लिक्रोफी केलीत, बटाट्याची.
काहींचं सारण बाहेर आलंय,
या हातांनी कडा नीट मिटत नाहीत.

आणि निघताना मागच्या दाराने जा.
पुढचं उघडलं की ती उठेल,
पत्र मागेल तुमच्याकडे.