हसू नका, सुई आहे

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
ग्रिम्सबीच्या इस्पितळात, तळमजल्यावर, आम्ही चौघं
आपापलं रक्त बाहेर काढून धुवायला देतो.
चार तास लागतात. कपडे लवकर होतात.

(हे वाक्य माझं नाही, एनिडचं.
श्रेय दिलं नाही तर ती बिस्किटं देत नाही.)

हात हलवायचा नाही, हा इथला नियम.
मनापासून हसलं की हात हलतो,
हात हलला की यंत्र बोंबलतं,
आणि रोवेना सिस्टर धावत येऊन विचारते,
"आज कोण होतं?"
म्हणजे, आज कोणता विनोदवीर.

एनिडची लाडकी डॉट फेअरवेदर.
समुद्रातल्या धक्क्यावरच्या थिएटरात
पर्स घेऊन यायची आणि चष्मा शोधायची.
बस्स. अकरा मिनिटं.
पर्समधून निघायचं बसचं तिकीट, उकडलेलं अंडं,
दाराची कडी, एक छोटी पर्स,
छोट्या पर्समधून आणखी एक अंडं.
मग "राहू दे, घरीच असेल," म्हणून निघून जायची.
चष्मा कपाळावर नव्हता हं, एनिड बजावते,
कपाळावर असता तर स्वस्तातलं काम झालं असतं.
तो खरंच घरी होता.
"त्या उन्हाळ्यात माझं काय झालं होतं ते सांगणार नाही.
पण ती अकरा मिनिटं ते झालं नव्हतं."

हॉरेस तीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर.
उत्तरेच्या काळ्या पाण्यात त्यांच्याकडे एकच कॅसेट, लेन रडकची.
एक बदक पाद्र्याचं दार ठोठावतं आणि म्हणतं...
इथे टेप यंत्रानं खाल्लेली.
खर्र, आणि थेट टाळ्या.
बदक काय म्हणालं ते चौदा माणसांनी
दर फेरीला नव्यानं ठरवलं.
एका फेरीत तर आचाऱ्याचं बदक इतकं घाण बोललं
की कप्तान दोन दिवस जेवला नाही.
पुढे कितीतरी वर्षांनी चिप्सच्या रांगेत
खुद्द लेन रडक पुढे उभा.
हॉरेसनं विचारलं, शेवट काय होता हो?
लेन म्हणाला, "विसरलो बुवा. तुमचं काय ठरलं?"

माझा लाडका? नाव आठवत नाही.
हल शहरात, एका पबच्या तळघरात, सात प्रेक्षक.
एकही विनोद लागला नाही त्याचा, शप्पथ.
शेवटी बिचारा खुर्च्या आवरायला लागला,
एक खुर्ची मिटेना,
तेव्हा त्यानं तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं
(जणू तीही आठवी प्रेक्षक)
ती नजर मी अजून जपून ठेवलीये.
हे ऐकून कुणी हसत नाही. न का हसेनात.

देइविदास नवा. एकोणीस वर्षांचा,
माशांच्या कारखान्यात रात्रपाळी, कानात कायम काहीतरी.
तीन आठवडे गप्प. काल एनिडनं बिस्किटं रोखून धरली.
मग म्हणाला, यिंता. आमच्या विल्नियसची आहे, आता लीड्सला असते.
फोन पुढे केला. फार भरभर बोलते पोरगी.
हॉरेसचं श्रवणयंत्र हरलं.
तेव्हा देइविदासच सांगू लागला, मोठ्यानं, सावकाश:
"आई म्हणाली, विनोदावर पोट भरतं का?"
"कुणाचं?"
"यिंताचं. ती म्हणाली, नाही, म्हणून तर रविवारी तुझ्याकडे येते."
"कोण येते?"
"यिंता."
"इथे?"
"आईकडे!"
"तुझ्या आईकडे? का?"
"जेवायला!"
"मग तुझी आई काय म्हणते?"
"माझी आई तिला ओळखतच नाही!"
"आणि तरी जेवायला घालते," हॉरेस हळहळला,
"भली बाई आहे."

आधी एनिडचं यंत्र बोंबललं, मग माझं,
मग तीन आठवड्यांत पहिल्यांदा देइविदासचं.
रोवेना धावत आली, तिन्ही बटणं दाबली,
कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आज कोण होतं?"

आम्हाला बोलवेना.
हॉरेस तेवढा कोरडा ठणठणीत, म्हणाला,
"याची आई."