दोन हात

नॉर्थ बेरिकला, समुद्राकडे पाठ केलेल्या दुकानात
हेक्टर मॅकिनस जुन्या क्लबांना नव्या मुठी चढवतो.
एकवीस वर्षं पोटासाठी खेळला.
बहुतेकदा शुक्रवारी संध्याकाळीच
बॅग गाडीत, गाडी घराकडे.

एकदाच रविवार उजाडला त्याच्या नावाचा:
शेवटचं ग्रीन, भोक दोन हातांवर.

"मग?"

"वारा पडला होता," तो म्हणतो.
"इथं वाढलेल्या माणसाला
वारा नसला की कुठं मारावं कळत नाही."

माझा क्लब परत देताना
त्याचे हात दिसतात.
उजवा उन्हानं रापलेला,
डावा, जन्मभर मोज्यात राहिलेला,
अजून शाळकरी पोराचा वाटावा इतका गोरा.

सुटे पैसे तो त्या डाव्यानंच देतो.
मोजून.
एकही नाणं वाजत नाही.